काउंटीच्या दप्तरातून घराण्याचा शोध : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यात असते, जावई तिथलेच आहेत. गेल्या सुट्टीत दहा वर्षांच्या नातीने त्र्यंबकेश्वरला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत माझ्या आजेसासऱ्यांची सही पाहिली आणि तेव्हापासून ‘बाबांच्या घराची अशी वही कुठे आहे?’ हा तिचा प्रश्न सुटलेला नाही. व्याही एवढेच सांगतात की ओहायो हे राज्य होण्याच्या आधीपासून त्यांचे घराणे हायलँड काउंटीत एकाच शेतावर राहत आले आहे. इंटरनेटवर कोणीतरी तयार केलेली एक वंशावळ आम्हांला मिळाली. तिच्यात मूळ पुरुष म्हणून व्हर्जिनियाच्या सैन्यातील एक अधिकारी दाखवला आहे. ही वंशावळ खरी धरावी का? नसल्यास शोध कुठून सुरू करावा? — एक आजी, पुणे

उत्तर : नातीला सांगा की अशी वही आहे, मात्र ती एका उपाध्यायांच्या घरी नसून काउंटीच्या मुख्य गावातील कचेरीत, वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदवह्यांत विखुरलेली आहे. काउंटी म्हणजे राज्याखालचा, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आणि अमेरिकेत असे तीन हजारांहून अधिक विभाग आहेत. जमिनीची खरेदीखते, लग्नाचे परवाने, मृत्युपत्रे, कराच्या याद्या, पोरक्या मुलांच्या पालकांच्या नेमणुका हे सर्व तेथे राज्य सरकारने हाती घेण्याच्या कितीतरी आधी काउंटीने लिहून ठेवले. त्यामुळे तेथील कुलवृत्तांताच्या अभ्यासात ‘घराणे कोणत्या राज्यातले?’ या प्रश्नाला फारसा अर्थ नसतो. अमुक साली ते घर कोणत्या काउंटीत होते आणि त्या साली ते काम कोणत्या कचेरीकडे होते, हे दोन प्रश्न विचारावे लागतात, आणि प्रत्येक पिढीसाठी ते नव्याने विचारावे लागतात.

इंटरनेटवरील वंशावळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ती खरीही धरू नये आणि फेकूनही देऊ नये. ती कोणीतरी दिलेली खूण समजावी. प्रत्येक पिढीच्या जोडणीसाठी, म्हणजे अमुक हा अमुकचा मुलगा या विधानासाठी, त्या काळचा एखादा कागद दाखवता येतो का, ते पाहावे. कागद नसेल तर ती जोडणी पेन्सिलीने लिहावी.

आता सुरुवात. मूळ पुरुषापासून खाली येण्याचा मोह टाळून जावयांपासून वर जावे. जावई, त्यांचे आईवडील, आजीआजोबा यांच्या जन्माच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या तारखा व ठिकाणे घरातूनच गोळा होतील. ओहायोत जन्म-मृत्यूची राज्यपातळीवरील नोंद २० डिसेंबर १९०८ पासून सुरू झाली; त्याआधी १८६७ पासून या नोंदी काउंटीच्या प्रोबेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रे व वारसा यांचे काम पाहणाऱ्या कोर्टात, होत असत, आणि त्या वह्या अपुऱ्या आहेत, कारण खेड्यातल्या कित्येक घरांनी नोंद केलीच नाही. म्हणून नाव सापडले नाही तर माणूस तेथे नव्हता असे समजू नये. लग्नाच्या नोंदी मात्र काउंटी स्थापन झाल्यापासूनच्या मिळू शकतात. १८५२ पूर्वीच्या कॉमन प्लीज या काउंटीच्या सर्वसाधारण कोर्टाच्या दप्तरात आणि नंतरच्या प्रोबेट कोर्टाच्या.

या जोडीला जनगणना हाताशी ठेवावी. ती दर दहा वर्षांनी होते आणि नावांसह ७२ वर्षांनी खुली होते. १९५० ची जनगणना एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली. १८८० पासून प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी नाते आणि त्याच्या आईवडिलांची जन्मस्थाने लिहिलेली आहेत, तर १९०० च्या फॉर्ममध्ये जन्माचा महिना व वर्षही आहे. १८९० चे बहुतेक सगळे कागद वॉशिंग्टन येथे १९२१ च्या जानेवारीत लागलेल्या आगीमुळे गेले, त्यामुळे १८८० ते १९०० या वीस वर्षांची पोकळी काउंटीच्याच कागदांनी भरावी लागते. १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव मिळते, पण १८४० आणि त्यापूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांचे वयोगटांनुसार आकडे आहेत. ओहायोच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की १८१० ची गणना वॉशिंग्टन काउंटी सोडता उपलब्ध नाही. म्हणजे हायलँडचे पहिले पान १८२० चेच, आणि त्याआधी कराच्या याद्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

‘एकाच शेतावर’ हे व्याह्यांचे म्हणणे खरे असू शकते, तरीही त्या शेताचे कागद एकाच कचेरीत असणार नाहीत. हायलँड काउंटी १८०५ साली रॉस, अॅडम्स आणि क्लेरमाँट या तीन काउंट्यांचे भाग घेऊन झाली. त्यामुळे १८०५ पूर्वीचे खरेदीखत हायलँडच्या हिल्सबरो गावी शोधण्यात अर्थ नाही. ते शेत जिकडे पडत असेल त्याप्रमाणे रॉसच्या चिलिकॉथी येथे, अॅडम्सच्या वेस्ट युनियन येथे किंवा क्लेरमाँटच्या दप्तरात पाहावे लागेल. पुढे १८१० साली हायलँडचाच काही भाग फेयेट आणि क्लिंटन या नव्या काउंट्यांत गेला. सावंतवाडीच्या माणसाच्या १९७५ च्या दाखल्यावर जिल्हा रत्नागिरी असतो आणि त्याच्या मुलाच्या १९८५ च्या दाखल्यावर सिंधुदुर्ग. घर मात्र हललेले नसते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला काउंट्यांची ही फोड समजायला वेळ लागू नये. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या बदलत्या सीमांचा नकाशासंग्रह केला आहे. त्यात तारीख देऊन त्या दिवशीची सीमा पाहता येते. पहिला कागद मागवण्याआधी तो पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता त्या अधिकाऱ्याबद्दल. सायोटो आणि लिटल मायामी या नद्यांमधला प्रदेश व्हर्जिनियाने अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील आपल्या सैनिकांना जमिनी देण्यासाठी राखून ठेवला होता, आणि हायलँड काउंटी त्याच प्रदेशात येते. सैनिकाला जमिनीचा हक्कलेख मिळे, परंतु तो हक्कलेख विकता येत असे. कित्येक सैनिकांनी ओहायो कधी पाहिलेही नाही; त्यांनी आपले लेख जमिनीचा व्यापार करणाऱ्यांना आणि मोजणीदारांना विकले. चिलिकॉथी वसवणारा नॅथॅनियल मॅसी हा अशाच मोठ्या मोजणीदारांपैकी एक. मोजणीच्या कागदावर मात्र मूळ सैनिकाचे नाव राहिले. पुढच्या पिढ्यांनी ‘आपल्या शेताच्या कागदावर अमुक कॅप्टनचे नाव आहे’ एवढे ऐकले, आणि तो कॅप्टन आपला पूर्वज झाला. आपल्या वंशावळीतही असेच घडले आहे असे मी म्हणत नाही, परंतु पहिली शंका हीच घ्यावी. हक्कलेख कोणाकडून कोणाकडे गेला आणि आपल्या घराण्यातील पहिल्या माणसाने जमीन कोणाकडून व किती रकमेला घेतली, याचा माग काउंटी रेकॉर्डरच्या, म्हणजे जमिनीची खते नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, दप्तरातील खरेदीखतांत लागतो. त्याने ती पैसे देऊन घेतली असेल तर ते बापाकडून आलेले वतन नव्हे.

या प्रदेशातील जमिनीच्या चतुःसीमा वाचताना गंमत वाटेल. ओहायोचा बराचसा भाग सहा मैलांच्या चौरसांत आखलेला आहे, पण येथे ओढा, पांढरा ओक, दोन हिकरीची झाडे अशा खुणांनी हद्दी लिहिल्या गेल्या. झाडे पडली, हद्दी एकमेकांवर चढल्या आणि भांडणे कोर्टात गेली. शेतकऱ्यांचे त्यात नुकसान झाले असेल, पण शोध घेणाऱ्यासाठी त्या खटल्यांत मोठे धन आहे, कारण हक्क सिद्ध करताना माणसे आपला बाप, आजा, भाऊबंद सांगतात.

मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटतात ते प्रोबेटचे कागद. शेतकरी मेल्यावर त्याच्या घरातील वस्तूंची यादी होई, आणि नंतर लिलाव. कोणी कढई घेतली, कोणी घोडी घेतली, हे खरेदीदारांच्या नावांसह लिहिलेले असते, आणि ते खरेदीदार बहुधा जावई, भाऊ, शेजारी असतात. अज्ञान म्हणजे अल्पवयीन मुले मागे असतील तर आई हयात असूनही कोर्ट पालक नेमत असे. त्या नेमणुकीत मुलांची नावे आणि वये सापडतात. खरेदीखतांच्या सूची दोन असतात, देणाऱ्यांची व घेणाऱ्यांची, आणि दोन्ही पाहाव्यात. नवरा जमीन विकताना पत्नीला आपल्या विधवाहक्काचा त्याग करून द्यावा लागे, म्हणून तिचे नाव तेथे येते. ज्या स्त्रीचे नाव जनगणनेत १८५० पर्यंत कुठेच नाही, तिचा पत्ता अशा एका ओळीत लागतो. आणि वारसांनी मिळून जमीन विकली असेल तर त्या एका खतात सगळी भावंडे, बहिणींचे नवरे आणि त्यांची तेव्हाची राहण्याची ठिकाणे अशी अख्खी पिढी येते. असे एक खत दहा वंशावळींपेक्षा मोलाचे आहे.

यासाठी आपणांस लगेच अमेरिकेला जाण्याची गरज नाही. फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. नाव नोंदवले की काउंट्यांच्या हजारो वह्यांची छायाचित्रे पुण्यातून पाहता येतात, जरी काही वह्या त्यांच्या केंद्रावर जाऊनच पाहाव्या लागतात. २०२४ पासून तेथे हस्तलिखित खरेदीखतांतील आणि मृत्युपत्रांतील मजकूर संगणकाने वाचून शोधण्याची सोय झाली आहे, त्यामुळे सूचीत न येणारी साक्षीदारांची नावेही सापडतात. स्वयंसेवकांनी १९९६ पासून चालवलेल्या यूएसजेनवेब या उपक्रमात प्रत्येक काउंटीचे स्वतंत्र पान आहे. स्मशानातील लेख आणि जुन्या वह्यांच्या नकला तेथे मिळतात. मात्र नक्कल पाहून थांबू नये, मूळ पानाची प्रतिमा पाहावी. आणि हयात माणसांच्या जन्मतारखा, विशेषतः नातीची, कोणत्याही सार्वजनिक वंशावळीत घालू नयेत.

प्रश्न : माझे पती आफ्रिकन-अमेरिकन आहेत. त्यांच्या आजीचे घर व्हर्जिनियातील एका ग्रामीण काउंटीत होते. आम्ही १८७० च्या जनगणनेपर्यंत पोहोचलो. तेथे त्यांचे खापरपणजोबा शेतमजूर म्हणून सापडले. त्यामागे सर्व अंधार आहे. सासूबाई म्हणतात की यापुढे काही मिळत नसते. हे खरे आहे का? — एक वाचक, बाल्टिमोर

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे अनुभवाचे आहे, आणि त्यामागे जे घडले ते लक्षात घेऊनच मी उत्तर देतो. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी केली गेली. तिच्यात मालकाचे नाव आहे आणि माणसांच्या जागी केवळ वय, लिंग आणि वर्ण. म्हणून १८७० चे पान बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांच्या नावाचे पहिले पान ठरते. तरीही तेथे वाट संपत नाही.

प्रथम एक गोष्ट तपासा : खापरपणजोबा अमेरिकन यादवी युद्धापूर्वीही, म्हणजे गुलामगिरी संपण्याआधीही, स्वतंत्र होते का? तसे असल्यास ते १८५० व १८६० च्या सर्वसाधारण जनगणनेत नावाने सापडतील. व्हर्जिनियात १७९३ च्या कायद्याने स्वतंत्र कृष्णवर्णीयांना स्थानिक क्लार्ककडे नाव नोंदवावे लागत असे, आणि त्या वह्यांत वय, उंची, अंगावरील खुणा आणि स्वातंत्र्य कसे मिळाले याची नोंद असते.

तसे नसेल तर १८६६ सालाकडे या. गुलामांच्या विवाहांना पूर्वी कायद्याची मान्यता नव्हती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत व्हर्जिनियाने एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना कायद्याने पतिपत्नी मानले, आणि फ्रीडमेन्स ब्युरो या मुक्त गुलामांच्या मदतीसाठीच्या सरकारी खात्याच्या अधिकाऱ्यांनी काउंटीनिहाय नोंदवह्या तयार केल्या. त्यांत पती, पत्नी, दोघांची वये व जन्मस्थाने, मुलांची नावे आणि शेवटच्या मालकाचे नाव व त्याचे गाव लिहिलेले आहे. या वह्या काही थोड्या काउंट्यांच्याच शिल्लक आहेत. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संग्रहात आपली काउंटी आहे का ते आधी पाहा. ती नसल्यास ब्युरोचे मजुरीचे करार आणि मुक्त गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेची खाती पाहावीत. या बँकेच्या अर्जांत आईवडील, भावंडे, क्वचित पूर्वीचा मालकही लिहिलेला असतो.

शेवटच्या मालकाचे आडनाव आणि आपल्या पतीचे आडनाव एकच असेल असे गृहीत धरू नका. ती चूक अनेकांना वर्षानुवर्षे चुकीच्या घरात फिरवत राहते. मुक्त झालेल्या पुष्कळांनी त्याच्याही आधीच्या मालकाचे, वडिलांचे किंवा स्वतः निवडलेले आडनाव लावले. १८७० च्या पानावरचे शेजारी मात्र वाचा, दोन्ही बाजूंची दहा-दहा घरे वाचा, कारण पूर्वीच्या मळ्यातली माणसे बहुधा जवळजवळ राहिली.

मालकाचे नाव पक्के झाले की पुन्हा काउंटीचेच दप्तर उघडायचे. मालक मेल्यावर झालेल्या मालमत्तेच्या यादीत, मुलांमधल्या वाटणीत, मुलीला लग्नात दिलेल्या देणगीच्या खतात आणि कर्जाच्या तारणात गुलाम माणसांची नावे येतात. हे पान गुराढोरांच्या आणि नांगरांच्या मध्ये असते, आणि नावापुढे डॉलरचा आकडा असतो. ते वाचताना पती एकटे असू नयेत. एखाद्या आईचे नाव आणि लगेच खाली तिच्या मुलांची नावे ‘तिची मुले’ अशा शब्दांसह दिसली, तर तो पुरावा अगदी काळजीपूर्वक, पान क्रमांकासह उतरवून घ्यावा. त्या घराण्याची पुढची पिढी अशाच ओळीतून सापडते. वारसांत भांडण झाले असेल तर वाटणी-वारशाचे तंटे चालणाऱ्या चान्सरी कोर्टाच्या कागदांत तेच कुटुंब पुन्हा दिसते, आणि लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने या खटल्यांची सूची संकेतस्थळावर खुली केली आहे.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. युद्धाच्या काळात पूर्वेकडील काही काउंट्यांनी आपली दप्तरे सुरक्षित राहावीत म्हणून राजधानी रिचमंडला पाठवली आणि एप्रिल १८६५ मधील आगीत ती जळाली. आपली काउंटी त्यांतली असेल तर शेजारच्या काउंटीत त्या मालकाच्या सासऱ्याची किंवा भावाची मालमत्ता होती का ते शोधा; दुसऱ्या काउंटीत नोंदवलेले कागद त्या आगीतून वाचले.

प्रश्न : आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ १९१२ च्या सुमारास मुंबईहून निघून कॅलिफोर्नियाला गेले. १९२० पर्यंत सॅक्रामेंटोहून पत्रे येत होती, नंतर थांबली. तिकडच्या काउंटीच्या नोंदींत त्यांचा काही माग लागेल का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : लागू शकेल, आणि पहिल्या महायुद्धाच्या लष्करी नावनोंदणीपासून सुरुवात करावी असे मी सुचवतो. ५ जून १९१७ पासून ठरावीक वयाच्या सर्व पुरुषांना, परदेशी नागरिकांनाही, स्थानिक मंडळाकडे नाव नोंदवावे लागले, आणि १२ सप्टेंबर १९१८ च्या नोंदणीने वयाची मर्यादा १८ ते ४५ अशी झाली. कार्डावर पत्ता, काम, मालकाचे नाव आणि सही असते. १९१८ च्या कार्डावर जवळच्या नातलगाचे नाव व पत्ताही असतो. तेथे आपल्या पणजोबांचेच नाव असू शकते. सही मोडीत किंवा बाळबोधीत असली तर ओळख पटायला आणखी काय हवे?

शोधताना आडनावावर फार विसंबू नये. आपली तीन भागांची नावे तेथील कारकुनाने ऐकली तशी लिहिली. वडिलांचे नाव आडनाव झाले असेल. म्हणून जन्मस्थान बॉम्बे किंवा इंडिया, वय आणि काउंटी यांवरून शोधावे. १९२० च्या जनगणनेत वंशाच्या रकान्यात भारतीयांना सरसकट ‘हिंदू’ लिहिले गेले, मग तो माणूस शीख असो वा मुसलमान; त्या रकान्यावरूनही याद्या चाळता येतात. सॅक्रामेंटोबरोबरच यूबा, सटर, फ्रेझ्नो आणि इंपीरियल या काउंट्याही पाहाव्यात, कारण शेतीच्या हंगामाप्रमाणे भारतीय मजूर त्यांच्यामध्ये फिरत असत.

नागरिकत्वाचा इरादा नोंदवण्याचा अर्ज काउंटीच्या सुपीरियर कोर्टात होई आणि त्यात बोटीचे नाव व आगमनाची तारीख असे. परंतु फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क नाकारला आणि तो १९४६ पर्यंत मिळाला नाही. त्यामुळे १९२३ नंतरचा अर्ज सापडला नाही तर नवल मानू नये. त्याच सुमारास, नागरिकत्वास अपात्र परदेशीयांना जमीन घेऊ न देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा फासही भारतीयांवर आवळला गेला. म्हणून रेकॉर्डरच्या वहीत ते स्वतःच्या नावाने नसले, तरी गोऱ्या भागीदाराच्या किंवा पत्नीच्या नावावरील खंडाच्या करारात साक्षीदार म्हणून असू शकतात. इंपीरियल काउंटीत अनेक भारतीयांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. लग्नाच्या परवान्यांची वही अवश्य पाहावी, आणि तेथे दुसरे कुटुंब आढळले तर ते आपलेच नातलग आहेत हे घरातील वडीलधाऱ्यांना शांतपणे सांगावे.

मृत्यूच्या नोंदी कॅलिफोर्नियात १९०५ पासून राज्याकडे आहेत. ते दाखले आणि काउंटी कॉरोनरच्या, म्हणजे आकस्मिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, वह्या १९२० नंतरच्या दोन दशकांसाठी वर्षवार पाहाव्यात. त्याशिवाय स्मशानभूमीच्या कचेरीला स्वतंत्र पत्र लिहावे, आणि त्यात केवळ मृताचे नाव न देता त्यांचे मालक, भागीदार, घरमालक यांची जी नावे कार्डावर मिळतील तीही द्यावीत, कारण स्मशानाच्या वह्या पुष्कळदा जागेच्या मालकाच्या नावाने लावलेल्या असतात. उदाहरणच द्यायचे तर, डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात वारल्या, त्यामुळे त्यांच्या मृत्यूची नोंद अमेरिकेतील कोणत्याही काउंटीत असण्याचे कारण नाही; पण त्यांच्या अस्थी ज्यांच्याकडे पाठवल्या गेल्या त्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या कुटुंबाच्या जागेत, न्यूयॉर्क राज्याच्या डचेस काउंटीतील पूकिप्सी येथे, त्यांच्या नावाचा दगड आजही उभा आहे, आणि तेथे जाणाऱ्याने विचारायचे असते ते जागा ज्या कुटुंबाची त्याचे आडनाव.